सरासरी चाल

एखाद्या वस्तूने कापलेले एकूण अंतर आणि ते कापण्यास लागलेला एकूण वेळ यांच्या गुणोत्तरास भौतिकशास्त्रात सरासरी चाल असे म्हणतात. ही अदिश राशी आहे. म्हणजेच तिला परिमाण असते, पण दिशा नसते. एसआय पद्धतीत तिचे एकक मीटर प्रति सेकंद (मी/से) आहे. वाहतुकीत व दैनंदिन व्यवहारात किलोमीटर प्रति तास (किमी/तास) हे एकक प्रचलित आहे.

सूत्र

सरासरी चाल = कापलेले एकूण अंतर ÷ लागलेला एकूण वेळ

एकूण वेळात थांब्यांचा वेळही धरला जातो. एखाद्या बसने अर्ध्या तासाच्या थांब्यासह १३५ किमी अंतर ३ तासांत कापल्यास तिची सरासरी चाल ४५ किमी/तास होते. थांबा वगळल्यास हीच संख्या ५४ येते. मात्र ती संपूर्ण प्रवासाची सरासरी चाल नव्हे.

संबंधित संकल्पना

विशिष्ट क्षणी असलेल्या चालीस तात्कालिक चाल म्हणतात. वाहनातील चालमापक साधारणपणे हीच दाखवतो. उसेन बोल्ट या जमैकाच्या धावपटूने १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथे १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले. त्याची सरासरी चाल सुमारे १०.४४ मी/से, म्हणजेच ३७.६ किमी/तास होती. धाव स्थिर अवस्थेतून सुरू होत असल्याने शर्यतीतील त्याची कमाल तात्कालिक चाल यापेक्षा अधिक होती.

सरासरी वेग ही सदिश राशी असून ती विस्थापनावरून काढतात. ४०० मीटरच्या धावपट्टीवर एक पूर्ण फेरी मारून मूळ जागी परतणाऱ्या धावपटूचे विस्थापन शून्य असते. त्यामुळे त्याचा सरासरी वेग शून्य होतो, सरासरी चाल मात्र शून्य नसते.

चालींची सरासरी आणि सरासरी चाल

निरनिराळ्या टप्प्यांतील चालींची बेरीज करून टप्प्यांच्या संख्येने भागणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. ही रीत प्रत्येक टप्प्याला सारखाच वेळ लागला असेल तरच निश्चितपणे लागू पडते.

समजा, १२० किमी अंतर जाताना ६० किमी/तास आणि परतताना ४० किमी/तास या चालीने कापले. जाण्यास २ तास व येण्यास ३ तास लागतात. एकूण २४० किमी अंतरास ५ तास लागल्याने सरासरी चाल ४८ किमी/तास येते, ५० नव्हे. कमी चालीने प्रवास अधिक काळ चालल्यामुळे तिचा प्रभाव अधिक पडतो. अंतरे समान असताना सरासरी चाल ही दोन्ही चालींचा हरात्मक मध्य असते.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ६० किमी प्रवासाचा पहिला अर्धा भाग ३० किमी/तास चालीने कापल्यास एक तास संपतो. संपूर्ण प्रवासाची सरासरी चाल ६० किमी/तास होण्यासाठीही एकूण एकच तास उपलब्ध असतो. त्यामुळे उरलेले अंतर कितीही वेगाने कापले तरी ती सरासरी गाठता येत नाही.

एककांचे रूपांतर

१ किलोमीटर म्हणजे १००० मीटर आणि १ तास म्हणजे ३६०० सेकंद. म्हणून १ किमी/तास = १०००/३६०० = ५/१८ मी/से.

• किमी/तासचे मी/से करण्यासाठी ५/१८ ने गुणावे : ७२ × ५/१८ = २० मी/से.
• मी/सेचे किमी/तास करण्यासाठी ३.६ ने गुणावे : १५ × ३.६ = ५४ किमी/तास.
• १ मैल/तास = १.६०९३४४ किमी/तास.
• १ नॉट (ताशी एक सागरी मैल) = १.८५२ किमी/तास.

वेळेचे रूपांतर करताना तास-मिनिटे दशांश पद्धतीत नसतात हे लक्षात घ्यावे लागते. २ तास १५ मिनिटे म्हणजे २.२५ तास, २.१५ तास नव्हे.

महत्त्व

७२ किमी/तास चालीच्या वाहनाच्या चालकाने ब्रेक दाबण्यास एक सेकंद घेतला, तर तेवढ्यात वाहन २० मीटर पुढे जाते. हे अंतर एककाचे रूपांतर केल्यावरच सहज उमगते.

एककांतील विसंगतीचे गंभीर परिणाम अवकाश मोहिमांतही दिसून आले आहेत. नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाच्या प्रणोदकांमुळे मिळणारा आवेग एका संगणक प्रणालीने पाउंड-बल सेकंदांत दिला, तर मार्गनिर्धारणात तो न्यूटन-सेकंदांत आहे असे मानले गेले. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. परिणामी यान मंगळाच्या नियोजित उंचीपेक्षा बरेच जवळ गेले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याच्याशी संपर्क कायमचा तुटला.