उपसा सिंचनाचा हिशेब : ताकारी-म्हैसाळ व टेंभू

कृष्णा नदी सातारा व सांगली जिल्ह्यांतून वाहत असली, तरी खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे दुष्काळी तालुके तिच्या पात्रापासून दूर आणि उंचावर आहेत. तेथवर पाणी चढविण्यासाठी ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या. पैकी टेंभूचा बंधारा सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात असून लाभक्षेत्र मुख्यत्वे सांगली जिल्ह्यात आहे.

असा प्रकल्प हाती घ्यावा की नाही, हे ठरविण्याची रूढ कसोटी म्हणजे लाभ-व्यय गुणोत्तर. पाण्यामुळे शेतीच्या निव्वळ उत्पन्नात होणारी वार्षिक वाढ भागिले वार्षिक खर्च, असे हे गणित होय. सरकारला किती महसूल मिळेल एवढेच पाहणारी जुनी कसोटी सोडून हे गुणोत्तर स्वीकारावे, अशी शिफारस धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने १९६४ मध्ये केली. सर्वसाधारण प्रकल्पासाठी ते १.५, तर दुष्काळी भागासाठी १ असले तरी चालते. ही सवलत न्याय्यच आहे. मात्र तीमुळे चुकीला जागा उरत नाही.

गुणोत्तराचा मोठा दोष असा, की ते काळ मोजत नाही. दरसाल १० टक्के दराने पाहिल्यास १५ वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे मूल्य २४ पैसे, तर २५ वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाचे अवघे ९ पैसे भरते. नितीन देसाई समितीने १९८३ मध्ये अंतर्गत परताव्याचा दर तपासण्याची शिफारस केली, ती यासाठीच. दुष्काळी भागासाठी तो किमान ७ टक्के, अन्यत्र ९ टक्के असावा, असे समितीने सुचविले.

ताकारी-म्हैसाळला १९८४ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा खर्च ८२ कोटी रुपये धरला होता. पुढे सुधारित अंदाज पाच हजार कोटींच्या जवळ गेला, म्हणजे सुमारे साठपट. दोन्ही आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. त्या काळात ग्राहक किमतीच साधारण दहा-अकरा पटींनी वाढल्या. उरलेल्या वाढीत व्याप्तीतील बदल, भूसंपादन आणि विलंब यांचा वाटा आहे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी पाणी मे २००० पूर्वी अडविण्याची निकड होती. त्यासाठी १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कर्जरोखे काढले गेले आणि एकाच वेळी अनेक कामे सुरू झाली. निधी विभागला गेला की प्रत्येक कामाचा लाभ लांबतो. मान्यतेच्या कागदावरील गुणोत्तरात हे कोठेच दिसत नाही.

दुसरा घटक विजेचा. एक टीएमसी पाणी १०० मीटर उचलण्यास, पंपांची कार्यक्षमता ७५ टक्के धरल्यास, सुमारे एक कोटी युनिट वीज लागते. दर युनिटला ६ रुपये मानला तरी सहा कोटी रुपये झाले, आणि या योजनांत पाणी टप्प्याटप्प्याने याहून बरेच उंच जाते. शिवाय पंपांचे आयुष्य हिशेबात १२ वर्षेच धरतात. थकीत वीजबिलांमुळे आवर्तने अडली, तेव्हा २०१८ मध्ये बिलाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलण्याचे ठरले. शेतकऱ्याला त्यामुळे दिलासा मिळाला. प्रकल्पाचा खर्च मात्र तेवढाच राहिला, केवळ देणारा बदलला. मूल्यमापनात हा फरक वारंवार विसरला जातो.

म्हैसाळसाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून सुमारे २०० मेगावॉटचा सौर प्रकल्प आखण्यात आला आहे. वीजबिलातील बचत आणि त्या कर्जाचे हप्ते यांची तुलनाही याच पद्धतीने, वर्षागणिक मूल्य कमी करीत, मांडावी लागेल.