‘कॉमेडी’ शब्दाचा पूर्वेतिहास

‘कॉमेडी’ म्हणजे हंसविणारें नाटक, एवढेंच इंग्रजी शिकणारा विद्यार्थी जाणतो. मग दान्तेनें आपल्या महाकाव्यास ‘कॉमेडी’ म्हटलेलें पाहून तो गोंधळतो. नरकयातनांत हंसण्यासारखें तें काय? मूळ ग्रीक शब्दांत ‘कोमोस’, म्हणजे उत्सवांतील धुंद मिरवणूक, आणि गायन यांचा संयोग आहे. मध्ययुगांत रंगभूमीचा संबंध सुटला. दुःखांत आरंभ होऊन सुखांत संपणारी कथाहि कॉमेडी ठरली. दान्तेची कथा नरकांतून स्वर्गांत पोंचते. तेव्हां नांव यथार्थच! ‘दिव्य’ हें विशेषण व्हेनिसच्या १५५५ च्या आवृत्तीनें मथळ्यांत घातलें. शेक्सपिअरच्या १६२३ च्या नाट्यसंग्रहांत ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ हें नाटकहि कॉमेडींतच आहे. बिचारा विद्यार्थी शायलॉकच्या दुर्दशेंत विनोद शोधीत बसतो! त्यानें शेवटच्या अंकांतील दांपत्यांचें मीलन पाहावें.