राखेतली जागा

आमच्या घरातली चूल गेली तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. आईचा खोकला कमी झाला, भिंती काळ्या व्हायच्या थांबल्या. मोतीची झोपायची जागा मात्र गेली, आणि हे कळायला आम्हाला एक अख्खा हिवाळा लागला.

वाशिमकडे मार्गशीर्ष-पौषात उत्तरेचा वारा सुटला की रात्री शेतात उभं राहवत नाही. तरी हरभऱ्याला पाणी द्यायला पुष्कळदा रात्रीच जावं लागतं, कारण मोटारीला वीज तेव्हाच मिळते. रोही आणि रानडुकरं हाकलायला सोबत कुत्रं लागतं. इतकं कामाचं जनावर, पण बैलाला कोठा, कोंबडीला खुराडं, धान्याला कणगी. कुत्र्याच्या निवाऱ्याला आमच्या घरात शब्दच नव्हता.

याची मुळं जुनी आहेत. महाभारताच्या आदिपर्वात सरमेचं पिल्लू जनमेजयाच्या यज्ञापाशी येतं. त्यानं हविर्द्रव्याला तोंडही लावलेलं नसतं, तरी जनमेजयाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. शेवटाकडे हाच ग्रंथ युधिष्ठिराला कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात थांबवतो. पण समाजानं शेवटापेक्षा सुरुवातच जास्त गिरवली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं, कुत्री आणि गाढवं हेच त्यांचं धन असावं, असं सांगितलं आहे. कुत्र्याला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या रेघेनंच माणसांनाही वेशीबाहेर ठेवलं.

आमच्या जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. त्यामुळे इकडे घरोघरी दत्ताची तसबीर असते, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असं आजी सांगायची. दत्तजयंती येते ऐन थंडीत, मार्गशीर्ष पौर्णिमेला. त्या दिवशी आम्ही तसबिरीला हार घालायचो, आणि दारातलं कुत्रं ओसरीवरून आत डोकावलं की ‘हाड’ म्हणायचो.

मग इतकी वर्षं ही कुत्री थंडीत जगली कशी? माणसांच्या उरल्यासुरल्या उबेवर. रात्रीची भाकरी झाली की आजी चुलीतली राख परसात एका कोपऱ्यात ओढून टाकायची. निखारे विझायचे, पण राख बराच वेळ कोमट राहायची. मोतीची आई त्यात खळगा करून झोपायची आणि सकाळी पांढरी होऊन उठायची. गल्लीतली माणसं शेकोटीवरून उठली की त्या जागेवर कुत्री येऊन बसत. उकिरड्यात शेण आणि काडीकचरा कुजताना आतून गरम होतो, तिथं ती पाय रुतवून पडत. तुरीच्या कुटाराचा ढीग तर हक्काचाच. धनगरांनी शेतात मेंढ्या बसवल्या की त्यांची कुत्री कळपाच्या कडेलाच पडून राहत. यातलं काहीच कुत्र्यासाठी म्हणून केलेलं नव्हतं. म्हणूनच ते गेलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

2016 साली उज्ज्वला योजना आली, मागोमाग गावात गॅस आला. मातीच्या ओसरीच्या जागी फरशी आली, आणि फरशी अंगातली ऊब ओढून घेते. बैल कमी झाले, तसा कोठा आणि कुटाराचा ढीगही आटला. पुढे लोखंडी फाटक बसलं. यातला एकही बदल मला मागे न्यायचा नाही. चुलीचा धूर आईनं किती गिळला, ते मी पाहिलं आहे.

पण 1960च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात, अकराव्या कलमात, पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं हा गुन्हा धरला आहे. मोती त्या हिवाळ्यात फरशीवर रात्रभर कुडकुडत होता. पौषात त्याचे मागचे पाय आखडले, तेव्हा मला ते कलम आठवलं.

मग फळ्यांचं एक खोकं केलं, तो आत वळू शकेल एवढंच. जागा लहान असली की अंगाच्या उबेनंच ती तापते. खाली चार विटा दिल्या, तोंड दक्षिणेला केलं, आत कोरडं कुटार भरलं. आधी जुनी गोधडी टाकली होती, पण ती दवानं ओली व्हायची आणि ओली गोधडी फरशीइतकीच गार. कुटार दर आठवड्याला बदलतो.

दोन रात्री मोती बाहेरच बसला. तिसऱ्या रात्री आत गेला. आई आता त्या खोक्याला ‘मोतीचा कोठा’ म्हणते.