भूमिबोल अदुल्यदेज यांचे ग्रामविकासकार्य

भूमिबोल अदुल्यदेज (५ डिसेंबर १९२७ – १३ ऑक्टोबर २०१६) हे १९४६ पासून मृत्यूपर्यंत थायलंडचे राजे होते. उत्तर थायलंडातील डोंगरी जमातींची उपजीविका अफूच्या पिकावर चाले. नुसती बंदी घातल्याने ती कुटुंबे उपाशी पडली असती. म्हणून १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉयल प्रोजेक्ट’ने त्यांना पीच, स्ट्रॉबेरी, कॉफी व भाजीपाल्याची लागवड शिकवली आणि मालाला बाजारही मिळवून दिला.

कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी त्यांनी १९९० च्या दशकात ‘नवा सिद्धान्त’ मांडला. त्यानुसार जमिनीचा ३० टक्के भाग शेततळ्यासाठी, ३० टक्के भातासाठी, ३० टक्के फळझाडे व इतर पिकांसाठी आणि १० टक्के घर व गुराढोरांसाठी राखावा. अल्पभूधारकाने एवढी जमीन पाण्याखाली घालणे हा मोठाच त्याग. परंतु तळ्याविना उरलेले शेतही पावसाच्या भरवशावर राहते. कुटुंबाचे पोट आधी भरावे, उरलेले विकावे, असा त्यामागील क्रम होता. उतारावरील माती धरून ठेवण्यासाठी त्यांनी वाळ्याच्या लागवडीचा पुरस्कार केला (महाराष्ट्रात उन्हाळ्यात माठात घालतात तोच हा वाळा).

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मे २००६ मध्ये त्यांना मानव विकासासाठीचा जीवनगौरव पुरस्कार दिला. मात्र राजनिंदेस थायलंडमध्ये कठोर शिक्षा असल्याने या योजनांचे मोकळे मूल्यमापन तेथे अवघड ठरते.