कबाबातली डाळ

सावलीकडच्या मामा तलावातला, म्हणजे माजी मालगुजारी तलावातला, मरळ मासा घरी आला की दादी कबाब करी. मासळी बांधून धरायला डाळ लागे. पूर्वी लाखोळी वाटून घालत. धानाच्या बांधीतल्या उरल्या ओलीवर ती येई, म्हणून स्वस्त. पण दुष्काळात महिनोन्‌महिने लाखोळीवरच जगणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडत. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. दादीने हरभऱ्याची डाळ घेतली. ती परवडेना तेव्हा तांदळाचे पीठ, कधी पोर्तुगिजांनी आणलेला बटाटा. जुनी चव आठवून कुणी कुरकुरले, की ती म्हणे, “चव गेली तरी चालेल, पोरं चालली पाहिजेत.”