नागपूरचे फिरते दप्तर

राज्यकारभाराचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी राजवाडा, किल्ला आणि रणांगण यांच्यावर जितकी खिळते तितकी ती कारकुनाच्या खांद्यावरील ओझ्याकडे वळत नाही. आणि म्हणूनच, भोसल्यांच्या काळी राजधानी झालेल्या, पुढे ते पद गमावलेल्या आणि आता वर्षातून काही दिवस ते उसने मिळविणाऱ्या नागपूर शहराचा कारभार किती वेळा, कोणत्या वाहनातून आणि कोणाच्या पाठीवर बसून मुलूखभर हिंडला, याची वास्तपुस्त फारशी कोणी केलेली नाही. आज वर्ध्याहून येणाऱ्या सकाळच्या गाडीत मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेला तरुण टिकाऊ, हलके आणि परवडणारे यंत्र शोधताना जे प्रश्न विचारतो, ते या शहराला नवीन नाहीत. फरक पडला आहे तो एवढाच, की साधन निवडणारा आणि ते वाहणारा, ही दोन माणसे आता बहुधा एकच असतात. पूर्वी असे क्वचितच घडे.

रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून जाऊ लागल्या आणि १७५१ च्या तहाने ओरिसाचा मुलूख नागपूरकरांच्या अमलाखाली आला, तेव्हा नागपूर ते कटक एवढ्या दूरच्या पल्ल्यावर हुकूम, हिशेब आणि वसुलीचे तपशील नेण्या-आणण्याचे काम उत्पन्न झाले. फौजेबरोबर बुणगे चालत, तसे कारकूनही चालत. आणि त्यांचे साहित्य पाहिले तर ते मुक्कामामुक्कामाला उघडण्याच्या आणि मिटण्याच्याच हेतूने घडले असावे असे वाटते. मोडी ही बोरू शक्य तितका कमी उचलून झरझर लिहिण्याची लिपी. कलमदान कमरेला खोचण्याजोगे. कागद गुडघ्यावर धरला की मेजाची गरज नाही. आणि लिहून झालेले सर्व कागद बांधण्यासाठी एक चौकोनी कापड, ज्याला दप्तराच्या भाषेत रुमाल म्हणत. या रुमालाला कडी नाही, कोयंडा नाही, बिजागरी नाही, त्यामुळे मोडण्यासारखे त्यात काही नाही, आणि फाटलाच तर बाजारात दुसरे कापड मिळते. काजळ आणि डिंक यांची शाई उन्हाने विटत नसे. तिला भय होते ते पाण्याचे आणि कागदाला वाळवीचे. महाल भागातील चिटणवीस वाडा आणि चिटणवीस पार्क यांनी एका मानकरी घराण्याचे नाव शहराच्या नकाशावर टिकविले आहे. पण ज्यांनी पावसाळ्यात महानदीच्या उताराशी हे रुमाल डोक्यावर धरले असतील, त्यांची नावे कोणत्याही पेठेला मिळालेली नाहीत.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. या नव्या सरकारचा सर्वात आवडता ऋतू हिवाळा होता, कारण हिवाळ्यात साहेब दौऱ्यावर निघे. तंबूंचे दोन संच असत: एकात साहेब कचेरी चालवी आणि दुसरा रातोरात बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामी रवाना होई, म्हणजे सकाळी घोड्यावरून उतरताच घडीचे मेज, घडीची खुर्ची आणि दौत जिथल्या तिथे तयार. सरिश्तेदार, नाझर, दप्तरी, चपराशी हा सगळा परिवार मात्र त्या गाड्यांच्या धुळीतून चाले.

त्या सर्व लवाजम्यात खरे फिरते कार्यालय एकच होते, ते म्हणजे पटवाऱ्याचा बस्ता. खारव्याचे जाड तांबडे कापड, त्यात कापडावर चढविलेला गावाचा नकाशा, खसरा, जमाबंदीची कागदपत्रे, मोजपट्टी आणि पेन्सिल. मोजणीची लोखंडी साखळी मात्र वेगळी, कारण तिचे वजन बस्त्याला पेलत नसे आणि ती कोतवालाच्या खांद्यावर जाई. धुऱ्यावर उभे राहून पटवारी एका हाताने गाठ सोडी, गुडघा टेकून नकाशा पसरी, वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर ढेकळे ठेवी आणि पेन्सिलीने शेताचा क्रमांक टिपी. नकाशा कागदावर न ठेवता कापडावर चढविण्याची युक्ती ज्याला सुचली त्याने घड्यांवर फाटणारे असंख्य नकाशे वाचविले असले पाहिजेत. परंतु बस्त्यात कोणते नमुने असावेत आणि किती असावेत, हे नागपूरच्या सचिवालयात ठरे. आणि नमुने वाढले की ओझे वाढे, याचा विचार करण्याचे तेथे कोणाला कारण नव्हते.

त्याच सचिवालयाला उन्हाळ्यात स्वतःच वाट धरावी लागे, हा एक न्यायच म्हणायचा. नागपूरचा वैशाख इंग्रजाला सोसवेना, म्हणून साडेतीन हजार फूट उंचीवरील पचमढी हे मध्यप्रांताचे ग्रीष्मकालीन ठाणे ठरले. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली खरी, पण ती भुसावळच्या बाजूने. इटारसीकडे जाणारा थेट मार्ग १९२० च्या दशकापर्यंत पुरा झाला नव्हता. त्यामुळे तोवर रेल्वेनेच जावयाचे तर भुसावळचा वळसा घेऊन पिपरियाला उतरावे आणि तेथून घाट चढावा, असा तो प्रवास होता. आणि फायलींच्या पेट्यांना थंड हवेचा काही लाभ नसताना त्याही दरवर्षी तो करीत.

साधन वापरणाराच्या बाजूने विचार करून आधी अटी लिहाव्यात आणि मग यंत्र मागावे, हा प्रकार माझ्या माहितीत विसाव्या शतकात एकदाच झाला, आणि त्याचा संबंध लेखणीशी नसून सुताशी आहे. १९२९ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजही मुळातून वाचाव्यात इतक्या नेमक्या आहेत. यंत्र वजनाला हलके आणि सहज हलविता येण्याजोगे असावे. खेड्यातील सामान्य झोपडीत हाताने किंवा पायाने ते चालविता यावे. एखाद्या स्त्रीला फारसे श्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावे. त्या आठ तासांत बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे. हिंदुस्थानात तयार करण्याचा खर्च दीडशे रुपयांहून अधिक नसावा. वेळच्या वेळी डागडुजी केल्यास ते निदान वीस वर्षे चालावे. आणि भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांपेक्षा अधिक होऊ नये. एका जाहीरनाम्यात वजन, श्रम, उत्पादन, किंमत, आयुष्य आणि दुरुस्ती अशी सहा मापे लावणारा ग्राहक कारखानदारांना त्यापूर्वी भेटला नसावा. किर्लोस्करवाडीला तयार झालेले यंत्र परीक्षेस उतरले, त्यावर पुष्कळ खल झाला, पण अटींच्या कसोटीला तेही पुरे पडले नाही आणि ते लाख रुपये कोणालाच मिळाले नाहीत.

लोकांच्या हाती प्रत्यक्षात जो चरखा आला तो याहून कितीतरी विनम्र होता. १९३० नंतरच्या येरवड्याच्या कारावासात गांधीजींनी ज्यावर प्रयोग केले तो पेटी-चरखा, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणू लागले. मिटला की तो एखाद्या जाड ग्रंथासारखा काखेत मावे. झाकण उघडले की आत एक मोठे आणि एक लहान अशी दोन चाके आडवी बसविलेली, दोहोंना जोडणारी माळ, आणि कडेला घडी उलगडून उभे करावयाचे चाते. मोठ्या चाकाने लहान चाकाला आणि लहान चाकाने चात्याला गती द्यायची, म्हणजे उभ्या चरख्याच्या विशाल चाकाचे काम वीतभर जागेत होते. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला राहावयास आले, तेव्हापासून नागपूर-वर्ध्याच्या वाटेवर हे दृश्य अपूर्व राहिले नाही: डब्यात बैठक मारून, पेटी उघडून, पेळू डाव्या बोटांत धरून कोणी सूत काढीत आहे, आणि समोरचा उतारू पाय आखडून घेऊन त्याला जागा करून देत आहे. माळ तुटली तर ती गाठ मारून पुन्हा चढविता येई, आणि दुरुस्तीसाठी कोणत्याही कारखान्याकडे पाहावे लागत नसे. सार्वजनिक वाहनात बसून स्वतःचे उत्पादक काम करणे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, ही सवय या मार्गाला प्रथम त्या पेटीने लाविली, असे माझे मत आहे.

टंकलेखन यंत्राचा मार्ग निराळा. कचेरीतले यंत्र पंधरा किलोच्या घरात, ते सरकारने घेतलेले आणि मेजावरून न हलणारे. पण सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हाधिकारी कचेरी आणि न्यायालय यांच्या आसपास झाडाखाली घडीचे मेज मांडून बसणाऱ्या टंकलेखकाने तेच जड यंत्र सायकलच्या कॅरिअरला बांधून रोज घरी नेले आणि रोज परत आणले. त्याच्यापुरता निवडणारा आणि वाहणारा एक झाला होता. नवे यंत्र त्याच्या आवाक्याबाहेर असे. १९५५ मध्ये गोदरेजने देशी यंत्र बाजारात आणल्यावरही जुने, दुसऱ्याने वापरलेले, पण ज्याचे सुटे भाग गावात मिळतात असे यंत्र घेण्यातच त्याचे शहाणपण होते. कोणत्या कळीचा दट्ट्या आधी झिजतो आणि रिबन उलटी फिरवून आणखी किती अर्ज निघतात, हे त्याला विक्रेत्यापेक्षा अधिक ठाऊक असे.

दरम्यान शहराचे भवितव्य फिरले होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने असे ठरले की शासनाने ठरावीक काळ अधिकृतपणे नागपूरला यावे आणि विधिमंडळाचे वर्षातून निदान एक अधिवेशन तेथे भरवावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, राजधानीपद एका दिवसात संपले, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाल्यावर त्याच वर्षी पहिले नागपूर अधिवेशन भरले. तेव्हापासून पचमढीची रीत उलट्या दिशेने सुरू झाली: आता थंडीत मुंबईचे सचिवालय नागपूरला येऊ लागले. ट्रकांतून फायलींचे गठ्ठे आणि पेट्या येतात. मुख्यमंत्री रामगिरीत, त्यांचे सचिवालय हैदराबाद हाउसमध्ये, मंत्री रवि भवनात, आमदार आमदार निवासात आणि कर्मचारी एकशेसाठ गाळ्यांत, अशी उतरंड ठरलेली आहे. २०२० मध्ये महामारीमुळे आणि २०२१ मध्येही अधिवेशन मुंबईतच झाले, ती दोन वर्षे गाळ्यांना विसावा मिळाला.

या सर्व इतिहासात निवडणाराने वाहणाराला विचारले नाही तर काय होते, याचा निकाल ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी दिला. शासनाने दिलेले मोबाईल तापतात, अडकतात, त्यांची स्मरणशक्ती अपुरी आहे आणि पोषणाची नोंद ठेवण्याचे ॲप इंग्रजीत आहे, असे सांगून त्यांनी ते ठिकठिकाणी परत केले. पटवाऱ्याला बस्ता परत करण्याची सोय नव्हती.

लॅपटॉपवाल्या प्रवाशाला ती सोय दुकानाच्या पायरीपर्यंतच आहे, म्हणून त्याने पायरी चढण्यापूर्वी विचार केलेला बरा. मार्च २०१९ पासून नागपुरात मेट्रो धावू लागली असली, तरी तिच्यात मांडी जमेपर्यंत स्टेशन येते. काम होते ते वर्धा किंवा अमरावतीहून अप-डाऊन करणाऱ्यांचे, ज्यांना सकाळ-संध्याकाळ तासाहून अधिक वेळ गाडीत काढावा लागतो. तेथे चौदा इंचांहून मोठा पडदा शेजाऱ्याच्या कोपराला लागतो, आणि दीड किलोहून जास्त वजन पुलाच्या पायऱ्या चढताना जाणवते. बिजागरीची परीक्षा गाडीच्या हेलकाव्यातच होते. दुसरे संकट नागपूरचे खास आहे: बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापराची कमाल तापमानमर्यादा पस्तीस अंश सांगितलेली असते, आणि येथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो; म्हणून उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीच्या डिकीत यंत्र ठेवून जेवायला जाणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे. जाहिरातीत 'मिल-एसटीडी-८१०' या अमेरिकन लष्करी मानकाचा उल्लेख दिसला तर आदर वाटू द्यावा, पण त्यातील कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे उत्पादकच ठरवितो, हेही ध्यानात असू द्यावे.

चरखा संघाचे शेकडा पाचाचे माप येथे अजून उपयोगी आहे. चाळीस हजारांच्या यंत्राला त्या हिशेबाने वर्षाला दोन हजार, तीन वर्षांत सहा हजार दुरुस्तीस लागावेत. रोज चार्ज होणारी बॅटरी साधारण तितक्याच काळात दमते आणि मूळ कंपनीची नवी घ्यायची तर तीन-चार हजार जातात. उरलेल्या दोन-तीन हजारांत कळफलक किंवा बिजागरी भागली पाहिजे. ज्या पातळ यंत्रात मेमरी मुख्य पाटीलाच डाग देऊन बसविलेली असते, तेथे एक चीप गेली की हा हिशेब कोलमडतो. म्हणून मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेली, मागचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडणारी यंत्रे सीताबर्डीवरील दुकानांत जी मिळतात, त्यांचा विचार त्या टंकलेखकाच्या वारसाने अवश्य करावा. मात्र पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला समोरच बॅटरीचा अहवाल काढावयास सांगावा, आणि तिची आजची क्षमता मूळ क्षमतेच्या साठ टक्क्यांहून कमी निघाली तर नव्या बॅटरीची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करून मगच बोलणे पुढे न्यावे.