भातुकलीला भिंती नसतात

मागच्या दिवाळीत भाचीच्या मुलीला कुणी तरी बाहुलीचं घर भेट दिलं. दोन मजली, जिना असलेलं. वर बेडरूम आणि बाथरूम, खाली दिवाणखाना. ती मला म्हणाली, "आजी, तुझ्या बाहुलीचं घर कसं होतं गं?"

मी विचारात पडले. माझ्याकडे बाहुली होती, तिची लग्नंही अनेकदा लागली. पण तिला घर नव्हतं. आमच्या परळच्या चाळीत मजल्यावर वीस खोल्या आणि त्यांत मिळून भातुकलीचा संच एकच. बोटाएवढी पितळेची पातेली, चूल, जातं, पाटा-वरवंटा. दुपारी पाळीवरून आलेली माणसं झोपली की आम्ही मुली व्हरांड्यात संसार मांडायचो. चुरमुऱ्यांचा भात, शेंगदाणा-गुळाचे लाडू. कधी खडूने चौकोन काढून "हे आमचं घर" म्हणायचं, एवढंच. भिंत कुणीच बांधली नाही.

आपल्या भाषेतही पाहा ना. भाऊ वेगळे झाले, तर आपण 'वेगळी चूल मांडली' म्हणतो. वेगळी भिंत घातली असं म्हणत नाही. घर म्हणजे चूल, हे आम्ही खेळता खेळता शिकलो.

युरोपात गोष्ट निराळी. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८च्या सुमारास एक छोटं घर बनवून घेतलं. बाहुलीघरांच्या इतिहासाची सुरुवात बहुधा त्याच्यापासूनच सांगतात. ते त्याच्या मौल्यवान वस्तूंच्या संग्रहात होतं आणि पुढे १६७४मध्ये आगीत जळालं. त्यानंतरच्या शतकात अ‍ॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमान या श्रीमंत बाईने वर्षानुवर्षं खर्च करून कपाटाएवढं घर सजवलं. आज ते तिथल्या राइक्स म्युझियममध्ये आहे. म्हणजे ही घरं आधी मुलांची नव्हतीच, मोठ्या माणसांच्या हौसेची होती. मुलांच्या हाती ती पुष्कळ नंतर आली.

या हौसेचा कळस झाला १९२४मध्ये. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एडविन लुट्यन्सने एक बाहुलीघर रचलं. नवी दिल्लीचा आराखडा करणारा तोच हा लुट्यन्स. एका फुटाला एक इंच हे प्रमाण. त्यात विजेचे दिवे, चालणारी लिफ्ट, ग्रंथालयात नामवंत लेखकांची चिमुकली पुस्तकं आणि नळाला खरोखरचं गरम-गार पाणी! संडासाच्या टाकीतूनही पाणी सुटायचं. वेम्बलीच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहायला गर्दी केली. आता ते विंडसरच्या राजवाड्यात आहे.

नेमक्या याच वर्षांत मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या. १९२०मध्ये सरकारने मुंबई विकास खातं काढलं आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. संडास मात्र सामाईक. राणीच्या बाहुल्यांना जे मिळालं, ते गिरणी कामगाराच्या बायकोला मिळायला शंभर वर्षं लागली. वरळीच्या पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या, त्या ऑगस्ट २०२५मध्ये.

आमची चाळ बीडीडीची नव्हती, पण जगणं तेच होतं. दहावीत असताना मी आईला विचारलं होतं, "आपलं मोठं घर झालं, तर तुला त्यात काय हवं?" मला वाटलं, ओटा म्हणेल, फार तर देवघर. ती म्हणाली, "घरातला संडास. आणि त्याला आतून कडी."

रांग टाळायला ती पहाटे चारला उठायची. रात्री अंधारात व्हरांड्याच्या टोकाला जायला नको, म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नसे. मी इतकी वर्षं तिच्या शेजारी झोपत होते, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या स्वप्नातल्या घरात चूल होती, पाहुणे होते. कडी कुठेच नव्हती. लहानपणी घर भरलेलं हवं असतं. मोठेपणी त्यातला एखादा कोपरा आपल्यापुरता बंद करता यावा, असं वाटू लागतं.

१९८४मध्ये आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. आईला तिची कडी मिळाली. पहिल्या दिवशी तिने ती दोन-तीनदा लावून, काढून पाहिली. मात्र महिनाभरात मला दिसलं, की दुपारी ती घराचं दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसते. समोरची तिन्ही दारं बंद असत. "इथं कुणी डोकावतसुद्धा नाही गं," असं ती म्हणायची. तिने एकाच दाराला कडी मागितली होती. इथे ती सगळ्याच दारांना होती.

शेवटपर्यंत तिने ते दार दुपारी उघडं ठेवलं. पुढे पुढे शेजारणी येऊन बसू लागल्या.

भाचीच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिच्या बाहुलीघराला पुढची भिंतच नाही, आतलं सगळं दिसतं. तिने घरातल्या झाडून साऱ्या बाहुल्या खालच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसवल्या होत्या. वरची बेडरूम रिकामीच होती. मी विचारलं, "वर कुणी का नाही?" ती म्हणाली, "सगळे जेवायला आलेत ना!"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)